सांधा आतल्या अंगाला

आमच्या घरात कुणी कुणावर पटकन विश्वास ठेवत नसे, आणि त्याचं कुणाला वाईटही वाटत नसे. दूधवाल्यानं माप पुढं केलं की अम्मी आधी एक थेंब नखावर घ्यायची, तो जागेवर राहतो का ओघळतो ते बघायची आणि मगच पातेलं धरायची. अब्बा पत्रा विकत घेताना दुकानदाराच्या बोलण्याकडे लक्षच देत नसत. पत्र्याचं टोक उचलून बोटाच्या पेरानं ठोकायचे आणि आवाज ऐकायचे. थोरला भाऊ रफीक उशिरा आला की त्याला वाढायच्या आधी अम्मी त्याचा शर्ट हुंगायची. तो चिडला तर म्हणायची, "चिडतो म्हणजे काहीतरी हाय." नाही चिडला तर, "आज चिडला कसा न्हाई?" मी त्याच घरातली. आता लातुरात माझ्या सुना हसतात, म्हणतात, अम्मी, तुम्ही फोनवर बोलणाऱ्या बँकेच्या बाईची पण उलटतपासणी घेता. घेते.

नांदेडच्या जुन्या वस्तीत आमचं घर होतं. घरात आम्ही दखनी बोलायचो, पण शाळा मराठी, कारण ती जवळ होती. चौथी झाल्यावर ती पण सुटली आणि मी अब्बांच्या हाताखाली पत्रा धरायला बसले. पुढच्या अंगाला दुकान, मागं अंगण, अंगणात हौद, हौदापलीकडे एक रिकामी शेड. अब्बा बादल्या, पेट्या, धान्याच्या कोठ्या, नरसाळी, पन्हाळी करायचे. सकाळी लाकडी हातोडा सुरू झाला की दुपारच्या जेवणापर्यंत थांबत नसे. शेजारणी म्हणायच्या, ह्या गोंगाटात तुमची पोरं झोपतात कशी. आम्हाला उलट शुक्रवारी दुकान बंद असलं की झोप यायची नाही. कथील वितळल्याचा आणि नवसागराचा वास केसांना, कपड्यांना, भाकरीलाही यायचा. अम्मी अंबाडीची भाजी करायची, वरून लसणाची फोडणी, सोबत ज्वारीची भाकर, शुक्रवारी मटण. अब्बा जेवताना बोलत नसत. हाडूक चोखून झालं की ताटाच्या कडेला एका रेषेत लावून ठेवायचे. कामातही तसेच. त्यांचे दोन नेम होते. सांधा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढं येता कामा नये, पेटीचा सांधा भिंतीकडं, कोठीचा मागं, जिथं दोन्ही बाजू दिसतात तिथं आतल्या अंगाला. आणि धारेची कड दुकानाबाहेर जाता कामा नये. प्रत्येक काठ ते वळवून, ठोकून बोथट करायचे. अब्बांची बादली रांगत्या पोरापुढं ठेवली तरी चालायची.

बिराजदार सर मागची शेड भाड्यानं मागायला आले तेव्हा अम्मीनं पडद्याआडून आधी त्यांचे पाय बघितले. चपला चांगल्या होत्या, पण टाचा नदीच्या चिखलानं भरलेल्या. "कॉलेजात शिकवणाऱ्याच्या टाचंला चिखल कायकू?" ती मला म्हणाली. सर रेणापूरचे, लिंगायत, लग्न न झालेले, विष्णुपुरीला इंजिनियरिंगच्या पोरांना शिकवायचे. अंगानं भरलेले, बोलायला हळू. त्यांना शेडमध्ये बोट करायची होती. बोट करणं यात संशय घेण्यासारखं काही नाही, पण ही बोट पाण्यावर चालणारी नव्हती. वेगात आली की तिचं पोट पाण्यातून वर उचललं जाणार होतं. खाली तीन खांब, पुढं दोन आणि मागं एक, आणि खांबांच्या तळाशी पाण्यात बुडालेले आडवे पंख. ते पंख पाण्यात तसेच काम करतात जसे विमानाचे हवेत, असं सरांनी अब्बांना समजावून सांगितलं.

"मग मास्तर इमानच कायकू न्हाई घेत?" अम्मी पडद्याआडून म्हणाली.

विष्णुपुरीच्या धरणाचं पाणी तेव्हा नवंनवं साठलं होतं. अम्मीचा पक्का समज झाला, की पाण्याखाली गेलेल्या जमिनीत कुणीतरी काहीतरी पुरलेलं आहे आणि मास्तर ते शोधून राहिलाय. भाड्याला मात्र ती नाही म्हणाली नाही. सर आमच्याकडं जेवत नसत, चहा घ्यायचे. चहा घेण्याआधी कपात डोकावायचे. अम्मीनं ते एकदा पाहिलं आणि मग रोज पाहिलं.

खांबांचं काम अब्बांनी घेतलं. आत लोखंडी सळई, वरून पत्रा. आकार माशासारखा, पुढून गोल, मागं निमुळता. सरांनी दुकानाच्या फरशीवर खडूनं काढून दाखवला. "चाचा, एकदम गुळगुळीत पायजे. बोट फिरवलं तर अडकायला नको." अब्बांना ते लागलं. "सर, आमच्या दुकानात बोट अडकतं का?" पत्रा मीच धरला होता, म्हणून मला ठाऊक आहे काय झालं ते. पत्रा दुमडून मागच्या टोकाला जोडला असता तर सांधा तिथं आला असता आणि कडेला धार राहिली असती. दोन्ही गोष्टी अब्बांच्या नेमाबाहेरच्या. त्यांनी मागचं टोक वळवून बोथट केलं आणि सांधा सरकवून खांबाच्या सपाट बाजूवर घेतला. पुढचे दोन खांब समोरासमोर येणार, म्हणून दोघांचे सांधे एकमेकांकडं तोंड करून, आतल्या अंगाला. काठावरून बघणाऱ्याला नुसता कोरा पत्रा दिसावा. वरवंट्यासारखे देखणे खांब झाले होते. सरांनी बाहेरून हात फिरवला आणि खूश झाले.

रविवारी टेम्पोत घालून बोट विष्णुपुरीला न्यायची. चालवायला रफीक, कारण तो सडपातळ होता आणि इंजिन असलेली एकही वस्तू त्यानं गावात सोडली नव्हती, मालकाला विचारून असो की न विचारता. सर स्वतः जड. ते बसले तर बोट उचलत नाही, असं तेच सांगायचे. अम्मीला हे पटलं नव्हतं. "दुसऱ्याचं पोरगं बसवायचं आन् आपण काठावर," एवढंच ती म्हणायची. लक्ष ठेवायला ती दर रविवारी यायची, आणि भाकरीचा डबा घेऊन मी तिच्या मागं.

पहिल्यांदा बोट उचलली ते मी अजून सांगू शकते. इंजिन नुसतंच ओरडत होतं, पाणी दोन्ही बाजूंना फाटत होतं, आणि मग कोंबडी अंड्यांवरून उठते तशी ती उठली. पोटाखाली उजेड दिसला. पाण्याचा खळखळाट बंद झाला, उरला फक्त इंजिनाचा आवाज. सर नाचले नाहीत, पण चपला काढून हातात धरल्या, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मग रफीकनं बोट डावीकडं वळवली. तिची उजवी बाजू एकदम खाली गेली, जशी खाटेची एक दोरी तुटावी, आणि रफीक पाण्यात. वर आला तेव्हा हसत होता. पुढच्या रविवारी पुन्हा सरळ गेली, डावीकडं वळली, उजवी बाजू पडली, आणि ह्या वेळी त्याची हनुवटी बोटीच्या काठावर आपटून फाटली. टाके घालताना डॉक्टर म्हणाले, बोटभर खाली लागलं असतं तर गळा होता.

घरी आल्यावर प्रत्येकानं आपापला गुन्हेगार ठरवला. अब्बांचं म्हणणं, रफीक मस्तीत वळवतो. अम्मी सरांकडं बघायची. सर अब्बांच्या खांबांकडं बघायचे, आणि ते अब्बांना दिसायचं. रफीक पट्टी बांधलेल्या तोंडानं एकच सांगायचा: वळलं की उजवा पाय कुणीतरी ओढतंय, आणि त्याच्या आधी आवाज येतोय, तहानलेला माणूस घोट घेतो तसा. त्याचं कुणी ऐकलं नाही. त्यानं आयुष्यात इतक्या थापा मारल्या होत्या की खरं बोलायची वेळ आली तेव्हा गिऱ्हाईक उरलं नव्हतं. वर तो म्हणायचा, मी पुन्हा बसणारच. त्याला घरात बांधून ठेवणं शक्य नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

शेवटी सर अब्बांसमोर बसले. "चाचा, हवा खाली जाऊन राहिलीय. पंखाला वर-खाली दोन्हीकडून पाणी लागतं. खांबाला धरून वरची हवा खाली उतरली, पंखाच्या पाठीवर बसली, की पंख उचलायचं सोडून देतो. मग आपटते."

अब्बांनी यातलं एवढंच ऐकलं, की खांबात हवा जाते, म्हणजे डाखाला, कथलानं जोडलेल्या सांध्याला, भोक आहे. त्यांनी उजवा खांब सोडवून आणला, वरचं तोंड उघडून त्यात काठोकाठ पाणी भरलं आणि अंगणातल्या लिंबाला टांगला. खाली कोरडी राख पसरली. दुपारच्या नमाजापासून संध्याकाळच्या नमाजापर्यंत खांब लटकत होता. राखेवर एक थेंब नाही. मग सरांना बोलावलं. "बघा. माझ्या बापाच्या काळापासून ह्या दुकानातून गळकी वस्तू गेली न्हाई."

"चाचा, आतून न्हाई म्हणत मी. बाहेरून उतरते हवा."

"बाहेर तर सगळीकडंच हवा हाय सर."

सर निघून गेले. दुसऱ्या दिवसापासून अम्मीनं शेडमध्ये चहा पाठवणं बंद केलं. मला विचारलं तर मी दोघांवरही विश्वास ठेवत नव्हते. सर पुस्तकातलं सांगत होते आणि पुस्तकात आमचा खांब नव्हता. अब्बांनी राख दाखवली, पण नदीत खांब झाडाला टांगून थोडाच चालतो.

खांब हौदाशी तसाच टेकवून ठेवलेला होता. दोन-तीन दिवसांनी मी तिथं कपडे धूत होते. रफीक अंगणात खाटेवर पडलेला. मी खांब उचलला, अर्धा पाण्यात उभा धरला आणि थोडा तिरका करून हौदाच्या ह्या टोकापासून त्या टोकाला जोरात ओढला. अंगाची ताकद लावून, कारण मला कुणाचं तरी खोटं पकडायचं होतं. गटक्. पाण्यानं आवंढा गिळल्यासारखा आवाज आला, आणि खांबाच्या मागल्या बाजूला, सांध्याच्या कडेला धरून, एक पांढरी चीर वरून खाली सरसर उतरली. भिंतीच्या कडेनं उंदीर पळतो तशी. हाताला एकदम हलकं लागलं, आणि खांबासकट मीच पुढं कोलमडले.

रफीक खाटेवरून उठला. टाक्यांमुळं तोंड उघडता येत नव्हतं, तरी ओरडला. "ह्योच! ह्योच आवाज!"

मी खांब फिरवला, सांधा पुढच्या बाजूला घेतला, तसाच तिरका धरून ओढला. काही नाही. पुन्हा फिरवला. गटक्. रफीकनं सरांना शेडमधून आणि अब्बांना दुकानातून ओढत आणलं. मी त्यांच्यासमोर दोन्ही बाजूंनी ओढून दाखवलं. सरांनी स्वतः ओढून बघितलं, भिजले. मग ते हौदाच्या कठड्यावर बसले आणि म्हणाले, वळताना बोट बाहेरच्या अंगाला सरकते, बाहेरच्या खांबाच्या आतल्या बाजूला पाणी पत्र्यापासून सुटायला बघतं, आणि तिथं हा सांधा म्हणजे हवेला खाली उतरायला जिनाच आहे.

"सांधा आतल्या अंगालाच असतो," अब्बा म्हणाले.

"माझीच चूक हाय चाचा. मागच्या टोकाला घ्या म्हणून सांगायचं होतं मी. आन् बाहेरूनच हात फिरवला."

"मागं घेतला तर दिसंल की."

"कुणाला दिसंल? माशांना?"

रफीक हसला, टाका ताणला गेला म्हणून विव्हळला. अब्बा हसले नाहीत. सर पुढं म्हणाले, की सांधा मागं नेऊनही हवा थोडी येणारच, म्हणून पाण्याच्या पातळीच्या जरा खाली खांबाला चारी बाजूंनी आडवी पत्र्याची पाकळी हवी, शेतात पाणी अडवायला बांध घालतात तशी. हवा वरून उतरली की पाकळीशी अडेल. पण पाकळीची कड वळवायची नाही. जाड काठ पाणी फाडतो, आणि पाणी फाटलं की हवेला वाट मिळते.

"म्हणजे धार ठेवायची," अब्बा म्हणाले.

"हाव. धार ठेवायची."

अब्बांनी तिन्ही खांब नव्यानं केले. त्या कामाला त्यांनी मला पत्रा धरायला हाक मारली नाही. एकटेच करत बसले, जेवायलाही उशिरा आले, आणि त्या दिवशी हाडकं ताटात कशीही पडली होती. सांधा मागच्या टोकाला, उघडा, ज्याला बघायचा त्यानं बघावा. पाकळ्यांना सुरीसारखी कड. हल्ली माझा नातू मोबाईलवर परदेशातल्या शर्यतीच्या बोटी दाखवतो, पाण्यावर हातभर उचललेल्या. त्यातल्या एका बोटीच्या खांबाला मी तसली पाकळी ओळखली आणि बोट ठेवून दाखवली. नातू म्हणाला, दादी, तुला काय माहीत. मी म्हटलं, गप, आणि पाण्याचा टँकर आला का बघ.

खांब झाले तरी अम्मी रफीकला सोडेना. पत्रा मागं नेला काय आणि पुढं नेला काय, तिला त्यात काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचं नव्हतं. तिनं सरांना दारात उभं केलं. "मास्तर, तुमची आई हाय?"

"हाय. रेणापुरात."

"तिला आणा. तुमची आई काठावर उभी राहील तवा माझा पोरगा बसंल. ती येणार न्हाई तर समजंल मला, तुमचा तुमच्या बोटीवर किती भरोसा हाय ते."

सरांनी एकदा अब्बांकडं पाहिलं. अब्बा हातोड्याचा दांडा बघत होते. पुढच्या रविवारी सरांची आई एसटीनं आली. उंच बाई, इरकली लुगडं, कपाळाला विभूती, पिशवीत भाकरी आणि स्वतःच्या पाण्याचा तांब्या. आमच्या घरी आली नाही, सरळ विष्णुपुरीला. काठावर ती एका दगडावर बसली, अम्मी दुसऱ्या दगडावर. मधून बैलगाडी गेली असती.

"तुमचाच का पोरगा बसणार हाय?" सरांची आई म्हणाली.

"हौ. तुमचा बसत न्हाई म्हणून."

"का बसत न्हाई? ए शिवू, तू बस की रं!"

"आई, मी बसलो तर उचलत न्हाई ती."

"उचलत न्हाई का तू भेतोस?"

सर बोटीत बसले. बोट म्हशीसारखी पाण्यात लोळत गेली आणि लोळतच परत आली, पोट काही सुटलं नाही. म्हणजे तेवढं तरी खरं होतं. "लई खातो," सरांची आई म्हणाली, "मेसवाल्याला मी सांगूनच जाते." मग तिनं रफीककडं पाहिलं. हनुवटीचा व्रण अजून लाल होता. तिनं त्याला जवळ बोलावलं, व्रण बघितला, हात लावला नाही. नंतर स्वतःच्या पोराकडं वळली आणि आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "ह्या पोराला आज काय झालं तर तू रेणापुराला येऊ नको. दार उघडायची न्हाई मी." सरांचा चेहरा उतरला. अम्मी तिच्याकडं बघत राहिली. बराच वेळ, नखावरच्या दुधाकडं बघतात तसं. मग रफीकला म्हणाली, "जा."

इंजिन ओरडलं, बोट पाणी फाडत गेली, उठली, पाण्याचा आवाज मिटला. मग डावीकडं वळली. उजवी बाजू वीतभर खाली गेली आणि मला वाटलं, पडली. रफीकचे खांदे वर आले, तोही धरून बसला होता. पण बाजू तिथंच थांबली. बोट तशीच तिरकी, पाण्याच्या वर, पूर्ण गोल फिरून आली. रफीकनं दुसरा गोल घेतला, तिसरा घेतला, उजवीकडूनही घेतला, आणि अब्बा काठावरून हात करत होते तरी थांबेना.

"आज वळली," सरांची आई म्हणाली. "उद्याबी वळंल कशावरून?"

"तेच म्हणून राहिले मी," अम्मी म्हणाली. तेवढ्या एका गोष्टीवर दोघींचं जमलं.

बोट काठाला आली तेव्हा अब्बा कमरेएवढ्या पाण्यात शिरले आणि पाण्याखाली हात घालून खांब चाचपू लागले. पाकळीच्या धारेनं त्यांचा अंगठा कापला. त्यांच्याच हातची धार. रक्त बघून सरांची आई उठली, तांब्यातलं पाणी त्यांच्या अंगठ्यावर ओतलं, वरूनच, शिवली नाही. मग तांब्या नदीत विसळून पिशवीत ठेवला. ती आमच्या हातचं पाणी प्यायली असं इथं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. प्यायली नाही. तिची एसटी होती, ती गेली.

परत येताना टेम्पोत मी अम्मीला विचारलं, तुला सांधा पटला का पाकळी पटली. ती म्हणाली, "पत्र्याचं मला काय कळतं? बाई स्वतःच्या पोराला घराबाहेर काढायला तयार झाली, म्हणून सोडलं मी रफीकला."

"आन् ती खोटं बोलली असती तर?"

अम्मीनं मला सांगितलं, की बाईचं घर रेणापुरात कुठल्या आळीत आहे, दाराला कुठला रंग आहे आणि समोर कुणाचं दुकान आहे, हे सगळं तिनं रफीक बोटीत बसायच्या आधीच विचारून घेतलं होतं.